अठ्ठेचाळीस चौकोनांची नदी

मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "घरापासून इथपर्यंत कशा आलात, ते काढून दाखवा."

मी तळेगावची. घर, स्टेशन, शटल गाडी, कामशेतचा बाजार, नदीकडे उतरणारी बैलगाडीची वाट आणि शेवटी वाळूच्या ढिगाऱ्यांमधली ही पत्र्याची कचेरी, असं सगळं मी पाच मिनिटांत काढून दिलं. नकाशे उतरवायचा, म्हणजे ट्रेसिंगचा, कोर्स मी केलेला होता, त्यामुळे रेघा बऱ्या पडल्या. साहेबांनी कागद उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "यात उत्तर दिशा दाखवलेली नाही. म्हणजे तुम्ही इथे पोचलात हा निव्वळ योगायोग."

मी कोपऱ्यात बाण काढला. नोकरी लागली. नाव त्यांनी पहिल्या पगाराच्या दिवशी विचारलं, तेही वहीत लिहावं लागतं म्हणून.

साहेब म्हणजे सरकारी भूमापन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यावर माणसाला स्वतःचं काहीतरी मोजावंसं वाटणं साहजिक आहे. पण जमीन घ्यावी तर ती आधीच कुणीतरी मोजून ठेवलेली असते. म्हणून त्यांनी नदी घेतली. घेतली म्हणजे कामशेतच्या वरच्या अंगाला इंद्रायणीच्या पात्रातली वाळू आणि खडी काढायचा परवाना घेतला. पानशेतच्या पुराला दोन-तीन वर्षं झाली होती, पुण्यात जो तो बांधत सुटला होता, वाळूला मागणी होती. त्या पात्रात वाळूपेक्षा गोटेच जास्त आहेत हे कामशेतच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं. पण साहेबांनी बाजारात विचारलं नाही. त्यांनी नकाशा काढला.

तो नकाशा मात्र पाहण्यासारखा होता. कापडी ट्रेसिंगवर काळ्या शाईत नदीचा दोन्ही काठांसकट तुकडा, आणि त्यावर पन्नास-पन्नास फुटांचे चौकोन. आडवे सहा, उभे आठ, एकूण अठ्ठेचाळीस. प्रवाहाच्या खालच्या बाजूनं एक नंबर सुरू व्हायचा आणि ओळीओळीनं वर चढत जायचा. कोणता चौकोन कोणत्या आठवड्यात खणायचा, किती फूट खाली जायचं, ट्रक उतरायला उतार कुठे ठेवायचा, चाळण कुठे उभी करायची, चाळून निघालेल्या वाळूचा, बारीक खडीचा आणि गोट्यांचा ढीग कुठे घालायचा, सगळं त्यात होतं. खुद्द नदीवर बांबूच्या खुंट्या ठोकून त्यांना नंबराचे पत्रे बांधलेले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, इथे भूखंड पाडून विकायला काढलेत.

फक्त एक गोष्ट साहेबांच्या हिशेबात नव्हती. नदी दर पावसाळ्यात वागायची ती स्वतःच्या मनानं.

मी लागले त्या वर्षी दिवाळीनंतर पाणी ओसरलं आणि काम सुरू झालं. खुंट्या अर्थातच वाहून गेल्या होत्या. साहेबांनी मोजणीची साखळी लावून जिथल्या तिथे नव्या ठोकल्या. पहिल्या सकाळी बारकूभाऊ माणसं घेऊन चौकोन एकमध्ये उतरले. बारकूभाऊ म्हणजे आमचे मुकादम, डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतले, पन्नाशीचे. त्यांनी पहार मारली, ठणठण आवाज आला. दोन हात बाजूला मारली, तरी तोच आवाज.

"सायब," बारकूभाऊ वर येऊन म्हणाले, "हितं खडक हाय. औंदा वाळू पार तिकडं गेलीया, त्या वळनाला."

साहेबांनी नकाशा पाहिला. मग नदी पाहिली. मग विचारलं, "तिला परवानगी कुणी दिली?"

"कुनाला?"

"वाळूला."

बारकूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीला टोक काढत होते. साहेब म्हणाले, "नकाशात चौकोन एकमध्ये साडेचार फूट वाळू आहे. खणा." वीस माणसं तीन दिवस खडक खणत होती. चौथ्या दिवशी दोन पहारी वाकल्यावर साहेबांनी मला हाक मारली आणि सांगितलं, "लिहा. दुरुस्ती क्रमांक सात." नकाशावर चौकोन सरकले आणि मग माणसं सरकली. वाळू तिथे आधीपासून होतीच, पण दुरुस्ती क्रमांक सातपर्यंत ती बेकायदेशीर होती.

पहिल्या सहा दुरुस्त्या कशाच्या, असं कुणाला वाटेल. पहिली माठाची, बाकीच्याही अशाच. कचेरीचाही नकाशा होता. आठ फूट बाय बारा फुटांच्या पत्र्याच्या खोलीचा. त्यात साहेबांचं टेबल, माझं टेबल, खुंटी आणि माठ अशा चार जागा दाखवलेल्या होत्या. मी नुकतीच लागले होते त्या उन्हाळ्यात माठावर ऊन यायला लागलं म्हणून मी तो उचलून सावलीत ठेवला. साहेबांनी तो परत उन्हात नेला. मी पुन्हा सावलीत ठेवला, त्यांनी पुन्हा उन्हात. आठवडाभर आम्ही दोघं सुशिक्षित माणसं कढत पाणी प्यायलो.

हा तिढा सोडवला साहेबांच्या पत्नीनं. ते लोणावळ्याला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. एकदा कागद द्यायला मी तिकडे गेले होते. बाई रांगोळीच्या डब्याएवढ्या, बोलायला मात्र खणखणीत. चहा देता देता म्हणाल्या, "माठावरनं भांडताय म्हणे तुम्ही. अहो, त्यांच्याशी वाद कशाला घालायचा? कागद बदलायचा. माझ्या फडताळात डाळीचे डबे कुठे ठेवायचे याचासुद्धा कागद होता. मी रबर घेतलं, पुसलं, हवे तिथे काढले. दुसऱ्या दिवशी स्वतः उठून डबे हलवले त्यांनी. वर म्हणाले, तुझं लक्ष नसतं."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"त्यांना कागद कळतो," बाई म्हणाल्या. "बाकीचं मी बघते." दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या नकाशात माठ सावलीत काढला, साहेबांनी तो स्वतः उचलून तिथे ठेवला, आणि ती झाली दुरुस्ती क्रमांक एक.

मागच्या श्रावणातली गोष्टही बाईंनीच सांगितली. साहेब नकाशा घेऊन भुशीच्या बाजूला फिरायला गेले. धुकं उतरलं. एक गुराखी म्हणाला, बाबा, ह्या पायवाटेनं जा, धा मिन्टात बाजारात पोचशील. साहेबांनी नकाशा पाहिला, त्यात ती पायवाट नव्हती. नसलेल्या वाटेनं जाणं त्यांच्या तत्त्वात बसेना. साडेचार तासांनी ते घरी आले ते नकाशातल्या वाटेनं, नखशिखान्त भिजून, एका चपलेनिशी. नकाशा मात्र कोरडा होता. तो त्यांनी सदऱ्याच्या आत पोटाशी बांधला होता.

वाळू ओळखायची त्यांची रीत तर पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवत, दाढेखाली घेत आणि डोळे मिटून चावत. कर्रकर्र आवाज कचेरीत घुमायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मग थुंकून निकाल: "मातकट. पुन्हा चाळा." किंवा, "स्लॅबला चालेल, गिलाव्याला नाही." पुण्याचे ठेकेदार हा चमत्कार बघायला यायचे. मला विचाराल तर वाळू मुठीत चोळली की हाताला माती लागते का नाही ते कुणालाही कळतं, आणि दातही शाबूत राहतात. पण तसं केलं तर बघायला कोण येणार?

आता ठकूमावशीबद्दल.

ठकूमावशी बारकूभाऊंच्या वस्तीतली. साठीच्या पुढची, उजवा गुडघा धरलेला. तिची सून आमच्याकडे घमेली वाहायला होती, मुलगा चाळणीवर. वस्तीतल्या वीसेक घरांतली बहुतेक हात आमच्याच कामावर होते. या वस्तीला विहीर नव्हती. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत त्यांचं पाणी म्हणजे झिरा. पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा उकरायचा, थोडा वेळ थांबायचं, की तळाला स्वच्छ पाणी झिरपतं. करवंटीनं किंवा वाटीनं ते भरून घ्यायचं, आधी फडक्यावर गाळायचं, मग हंड्यात. पहाटेपासून बायका पाळीनं बसत. हा झिरा नेहमी त्याच वळणाजवळ लागायचा आणि त्या साली ते वळण आमच्या चौकोन चौदामध्ये येत होतं. पहिल्या वर्षी असेच खडक खणण्यात आणि दुरुस्त्या करण्यात आमचा इतका वेळ गेला की काम तिथवर पोचलंच नाही. दुसऱ्या वर्षी पोचणार होतं.

कामाचं वेळापत्रक मुकादमाकडून वस्तीत कळलं आणि ठकूमावशी कचेरीत आली. दारात बसली. साहेब नकाशावर वाकलेले होते.

"सायेब, वाईच काम हुतं. तुमी ती वळनाची वाळू काडनार म्हनं."

"चौकोन चौदा. माघातला तिसरा आठवडा."

"तितं आमचा झिरा हाय."

साहेबांनी मान वर केली. "नकाशात कुठे आहे?"

"आं?"

"झिरा. नकाशात दाखवा."

"मला काय वाचता येतंय व्हय? ह्यो काय, हितनं दिसतोय की. त्या बाया बसल्यात तितं."

खिडकीतून खरोखरच दिसत होतं. तीन बायका वाळूत उकिडव्या बसलेल्या, एकीचा हात खड्ड्यात खांद्यापर्यंत. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातली खुणांची यादी वाचली. विहिरीला काय खूण, झाडाला काय, देवळाला काय. पिण्याच्या पाण्याच्या जागेला निळं वर्तुळ आणि आत ठिपका. "असं वर्तुळ अठ्ठेचाळीस चौकोनांत एकही नाही," ते म्हणाले. "म्हणजे तिथे पिण्याचं पाणी नाही."

ठकूमावशीनं माठाकडे बोट केलं. "आन् ह्यात काय हाय मग? माझी सूनच भरती की रोज. त्या झिऱ्याचंच पानी पितासा तुमी."

साहेब तेव्हा नेमके पेला तोंडाला लावत होते. त्यांनी तो पूर्ण प्यायला, खाली ठेवला आणि म्हणाले, "तोंडी सांगण्याला काही अर्थ नसतो, बाई."

"बरं," ठकूमावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. "पन येक सांगते. पानी ग्येलं तर गावातली हीर हितनं दीड मैल. माझ्या गुडग्यानं न्हाई व्हायाचं ते. आन् सुना दिसभर घमेली व्हाऊन वर दीड मैल जायाच्या न्हाईत. वस्ती उठंल, वीटभट्टीवर जाईल. मंग तुमची वाळू त्यो कागूद काडंल."

ती गेल्यावर मी साहेबांना म्हटलं की, बाई म्हणते ते खरं आहे. साहेब म्हणाले, "खरं असेल. पण नोंद नाही."

चार दिवसांनी ते एका ठेकेदाराला भेटायला पुण्याला गेले. मी मूळ ट्रेसिंग काढून टेबलावर पसरलं, कर्कटकात निळी शाई भरली आणि चौकोन चौदाच्या मध्यावर वर्तुळ काढलं, आत ठिपका दिला. ताजी शाई चमकते, म्हणून तिच्यात आधीच थोडं पाणी घातलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या शाईशी रंग मिळतो का ते कागदाच्या तुकड्यावर करून पाहिलं होतं. मला त्यात काही पाप वाटलं नाही. डाळीचे डबे हलवण्यासारखंच काम. फक्त डबे जरा मोठे होते.

माघाचा तिसरा आठवडा आला. साहेबांनी सकाळी नकाशा उघडला, चौदावर बोट ठेवलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "बारकू! अरे, चौदामध्ये पाण्याची जागा आहे! कुणी माझ्या लक्षात कसं आणून दिलं नाही?"

बारकूभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "सायब, मावशी म्हैनाभर सांगतीया की."

"ते तोंडी," साहेब म्हणाले. "इथे स्पष्ट दाखवलेलं आहे. मी स्वतः दाखवलं असणार."

मग त्यांनी जे केलं ते सरकारी इतमामात केलं. चौदाच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या, भोवती सुंभाचा दोर, आणि 'चौकोन १४, राखीव' असा रंगवलेला पत्रा. बायकांना हंडे घेऊन दोर ओलांडावा लागे. एकदा एक शेळी आत गेली तर साहेबांनी बारकूभाऊंना तिचा मालक शोधून आणायला लावला. मला मनातून फार समाधान होतं. घरी जाताना गाडीत मी स्वतःवर खूश असायची.

ठकूमावशी तेवढी खूश नव्हती. एका दुपारी ती मला म्हणाली, "बाय, त्यो दोर तुजाच ना?"

"कसला माझा? साहेबांनी बांधला."

"बरं, सायबानं. पन येवड्याश्या वाळूत पानी थांबतं का गं? भवतालची समदी वाळू उपसत्यात. पानी काय दोर बगून थांबनार हाय?"

"मावशी, तुमचा चौकोन राखीव आहे," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून साहेबांच्या आवाजात बाहेर पडलं. ते ऐकून तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि ती निघून गेली. तेव्हा मला वाटलं, अडाणी बाई आहे, नकाशा कळत नाही.

खालच्या बाजूचे सात, आठ, नऊ आणि शेजारचा तेरा आधीच खणून झाले होते. मग पंधरा झाला. मग वरचे एकोणीस, वीस, एकवीस. चैत्रात चौदा नंबर पात्राच्या मधोमध ओट्यासारखा उभा राहिला, भोवती छातीइतके खोल खड्डे. ट्रेसिंगवर तो जसा दिसायचा अगदी तसाच दिसत होता, चारी बाजू सरळ. साहेब काठावरून पाहून म्हणाले, "सुरेख."

झिऱ्यातलं पाणी आधी अर्धा हात खाली गेलं, मग हातभर. बायका वाटीऐवजी चमचे घेऊन बसायला लागल्या. एका सकाळी वाळू ओलीसुद्धा लागेना. त्या ओट्यातलं सगळं पाणी चारी बाजूंनी खड्ड्यांत उतरलं होतं आणि तिथे म्हशी बसल्या होत्या. वस्तीतल्या दोन घरांनी बोचकी बांधल्याचं बारकूभाऊंनी सांगितलं.

ठकूमावशी आली ती रिकामा हंडा घेऊनच. आत शिरली, आणि हंडा सरळ टेबलावर, उघड्या नकाशावर, चौदा नंबरवर ठेवला. साहेबांच्या नकाशावर कुणी काही ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. आता इतका वेळचं 'तुमी'ही संपलं.

"हं. भर."

साहेबांनी नकाशाची कड धरली.

"ह्यात हाय म्हनतुस न्हवं? नीळी खून हाय म्हन्तुस. मंग भर की. मी बसते हितं."

आणि ती बसली. मी बोलणार होते. काय बोलणार होते ते ठाऊक नाही, कारण वर्तुळ माझं होतं आणि चूकही माझी होती. ट्रेसर असूनही पाणी चौकोनात राहत नाही एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन वर्षं साहेबांच्या हाताखाली काढल्याचा परिणाम, दुसरं काय.

साहेबांनी हंडा उचलून बाजूला ठेवला, नकाशावरचा वाळूचा गोल रुमालानं झटकला, घडीची खुर्ची काखेत मारली आणि ते नदीत उतरले. चौदा नंबरच्या ओट्यावर खुर्ची मांडून कोरड्या झिऱ्याकडे बघत बसले. अकरा वाजले, बारा वाजले. डोक्यावर सोला हॅट, पायांत मोज्यांवर चपला. म्हशी त्यांच्याकडे बघत होत्या. एकच्या सुमाराला ते परत आले तेव्हा त्यांची मान उन्हानं लाल झाली होती.

"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले. "नकाशात तिथे पाणी आहे. जागेवर नाही. म्हणजे जागा दुरुस्त करावी लागेल."

"म्हंजी कसं?" बारकूभाऊंनी विचारलं.

"भोवतालचे आठही चौकोन भरून काढा."

"भरायचं कशानं, सायब?"

"वाळूनं. त्यात वाळू होती."

काठावर महिन्याभराची चाळलेली वाळू ढिगानं पडली होती. पुण्याच्या सर्वांत मोठ्या ठेकेदाराची, परवापासून ट्रक यायचे होते. मी ते साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकलं असावं, कारण उजवा कान जरासा हलला. पण म्हणाले एवढंच, "लिहा. दुरुस्ती क्रमांक एकोणीस."

नदीतून वाळू काढणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील तुम्ही. नदीत वाळू टाकायला रोजावर लावलेली माणसं मी तिथेच पाहिली. ओळी लावून घमेली उलटी निघाली. ठकूमावशी काठावर बसून हुकूम सोडत होती. "आरं, नुस्ती वाळू टाकून काय व्हतंय? खालच्या अंगाला आदी चिकन माती दाबा, न्हाईतर पुन्ना पळंल पानी!" साहेब दोनदा तिच्या अंगावर ओरडले, की हे काम वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. तिसऱ्यांदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सातच्या, आठच्या आणि नऊच्या खालच्या बाजूला मातीचा बांध दाखवा. नकाशात."

तिसऱ्या दिवशी पुण्याहून पहिला ट्रक आला. ड्रायव्हरनं खाली उतरून पाहिलं, ढीग उतरणीला लागलेला, माणसं घमेली घेऊन नदीकडे चाललेली.

"काय हो मुकादम, वाळू परत करताय का काय?"

"व्हय," बारकूभाऊ म्हणाले. "नदीला पसंत न्हाई पडली."

ट्रक रिकामा गेला, त्याच्यामागचेही गेले, आणि तो ठेकेदार पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी भरणी संपली. दहाव्या, अकराव्या दिवशी काही नाही. साहेब रोज सकाळी जाऊन झिऱ्यात हात घालून बघत आणि कुणी पाहिलं की हात हाफपँटीला पुसल्याचं नाटक करत. तेराव्या दिवशी बोटांना ओल लागली. पंधराव्या दिवशी वाटीभर गढूळ पाणी. वैशाखाच्या सुरुवातीला हंडा भरायला लागला. पहिल्यासारखा नाही, पूर्वी एक हंडा भरायला जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट लागत होता, आणि दोन घरं वीटभट्टीवर गेली ती गेलीच. पण बाकीची वस्ती हलली नाही.

साहेबांनी ही हकीकत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. परवाना काढायच्या आधी ते म्हणे स्वतः नदीत उतरले होते, अमुक ठिकाणी थांबले होते, वाळू हुंगली होती आणि दूरदृष्टीनं तिथे निळं वर्तुळ काढलं होतं. दर वेळी त्यात एखादा तपशील वाढायचा. शेवटी शेवटी तर पाऊसही पडत होता. मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकायची आणि मान हलवायची. नोकरीत मानेला बरीच कामं असतात.

पण पावसाळ्यात पुढच्या हंगामाचा नकाशा करायची वेळ आली तेव्हा मान हलवून भागणार नव्हतं. साहेबांनी जुनं ट्रेसिंग माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "जसंच्या तसं उतरवा." जसंच्या तसं म्हणजे एक वर्तुळ, एक राखीव चौकोन आणि भोवतालच्या आठांत पुन्हा साडेचार साडेचार फूट खणणं. म्हणजे चैत्रात पुन्हा रिकामा हंडा. आणि या वेळी ठकूमावशी आली की कुणाच्या टेबलावर ठेवेल ते मला माहीत होतं.

"साहेब," मी म्हणाले, "एक सांगायचं आहे. ते वर्तुळ तुम्ही काढलेलं नाही. मी काढलं. तुम्ही पुण्याला गेला होतात त्या दिवशी. आणि चुकीचं काढलं. एक चौकोन राखून काही उपयोग नव्हता, नऊ राखायला हवे होते."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी मनात तळेगावला शिकवण्या मिळतील का याचा विचार करून ठेवला होता.

"मूळ नकाशात खाडाखोड करणारी बाई मी क्षणभर कामावर ठेवणार नाही," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही कामावर आहात?"

"आहे, साहेब."

"म्हणजे तुम्ही काढलेलं नाही. उगाच दुसऱ्याचं श्रेय घेऊ नये." त्यांनी ट्रेसिंग माझ्याकडून ओढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. "मात्र ही निळी शाई पातळ दिसते. पातळ शाई कापडावर पसरते. पावसाळी हवेत जास्तच. बघा जरा, पसरलीय का."

मी पाहिलं. वर्तुळ होतं तसंच होतं, चवलीएवढं, काठ स्वच्छ.

मी कर्कटक उघडलं, त्यात निळी शाई भरली, टोक ठिपक्यावर टेकवलं, त्याचे पाय फाकवले आणि मोठं वर्तुळ ओढलं.

"पसरलीय, साहेब," मी म्हणाले. "नऊच्या नऊ चौकोनांत गेलीय."

साहेब तोवर उठून दाराशी गेले होते आणि माझ्याकडे पाठ करून फुगलेल्या नदीकडे पाहत होते.

"वरच्या अंगाला आणखी एक ओळ गेली असेल," ते म्हणाले. "नीट बघा."